आईच्या रक्ताचा निकाल

पुणे,
१६ नोव्हेंबर २००८

प्रिय भाग्यश्री,

तुला मुलगी झाल्याचं कळलं आणि मला मनापासून आनंद झाला, हे आधी लिहून टाकते. कारण पुढचं वाचताना तुला ते खरं वाटणार नाही. परवा फोनवर मी फार बोलले नाही. बोलले असते तर आवाज चढला असता, आणि बाळंतिणीच्या कानावर चढा आवाज पडू देऊ नये हे माझ्या आईनंच मला शिकवलंय. म्हणून लिहितेय. बाळ झोपलं की सावकाश वाच. सासूबाईंना वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

तुझ्या थोरल्याच्या वेळी तू न्हावऱ्याला माहेरी होतीस. आई तुझ्या आबांच्या पोल्ट्रीवरचं सकाळचं काम आटपायची, घरी येऊन अंघोळ करायची, धुतलेलं लुगडं नेसायची आणि मग तुमच्याकडे यायची. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, टाळू भरायची, तुला शेक द्यायची. "मावशीचा हात लागला की मला पण झोप येते," असं तू म्हणायचीस. आपण दोघी शाळेत एका बाकावर बसत होतो तेव्हापासून आई त्या पोल्ट्रीवर होती. अंडी गोळा करायची, पिल्लांना पाणी दाखवायची, मेलेले पक्षी खड्ड्यात पुरायची. आणि गावात कुणाच्याही घरात मूल जन्माला आलं की तिला बोलावणं यायचं. माझ्या आईला, बौद्धवाड्यातल्या पार्वतीबाईला, ओसरी ओलांडून आतल्या खोलीपर्यंत जाता आलं ते त्या हातांमुळं. हे सगळं तुला माहीत आहे. पुढचं तुला माहीत नसावं असं मी इतके दिवस धरून चालले होते. तू वरवंडला नांदत होतीस, लांब होतीस, अशी मीच माझी समजूत घालत होते.

२००६च्या फेब्रुवारीत खानदेशात बर्ड फ्लू आल्याची बातमी टीव्हीवर सुरू झाली आणि शिरूरच्या बाजारात अंडी कुणी फुकट घेईना. नेमके त्याच आठवड्यात तुमच्या शेडमधले पक्षी माना टाकायला लागले. आई, दगडाबाई आणि आणखी पाच जणांनी मेलेले पक्षी पाट्यांतून वाहून पुरले. तोंडाला बांधायला त्यांना कुणी फडकंसुद्धा दिलं नाही. आणि मग आईला ताप भरला. थंडीताप, अंगदुखी, फेब्रुवारीत गावात दर घराआड असतो तसला. पण दुसऱ्या दिवशी गावात पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. त्यांनी त्या सातही जणांना शाळेच्या पटांगणात उन्हात खुर्च्यांवर बसवलं आणि सगळ्या गावादेखत त्यांचं रक्त काढलं. पोरं भिंतीवर चढून बघत होती. तुमच्या घरातल्यांचंही रक्त घेतलं. ते मात्र आत, पंख्याखाली, चहा झाल्यावर. त्या सातही जणांचं रक्त महिन्याभरानं पुन्हा एकदा घेतलं, कारण अंगात खरंच तो रोग होऊन गेला असेल तर त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं रक्तात दिसायला तेवढा वेळ द्यावा लागतो. तेव्हाही पटांगण, तेव्हाही खुर्च्या.

शिरूरच्या डॉक्टरनं आईला तपासलं नाही. खिडकीतून गोळ्यांची पुडी पुढं केली. मी पुण्याहून एसटीनं आले तेव्हा ती पुडी तशीच उशाशी होती आणि आई मला आत येऊ देईना. "तू नोकरीवाली हाईस, तू लांबच ऱ्हा," म्हणाली. मी आत गेले. चार-पाच दिवसांनी ताप उतरला, आई उठून चुलीपाशी बसली. तिच्यापुरतं दुखणं तिथं संपलं.

पक्ष्यांचा रिपोर्ट पंधरवड्यात आला. बर्ड फ्लू नव्हताच. मानमोडी होती, कोंबड्यांना नेहमी होते ती. तुझ्या आबांनी पेढे वाटले. शेड धुतली, चुना मारला, नवीन पिल्लं टाकली. आई कामावर गेली तेव्हा आबा फाटकात उभे होते. "पार्वती, माझं काय न्हाई. पर अंडी उचलनाऱ्या कंपनीची मानसं इचारत्यात. तुमचा मानसांचा रिपोट अजून आला न्हाई. तेवढा येऊंदे, मग ये," असं म्हणाले. म्हणजे ज्या पक्ष्यांपासून तिला रोग झाला असं गाव म्हणत होतं, त्या पक्ष्यांना तो रोग नव्हता हे कागदावर आलं होतं. तरी कोंबड्या सुटल्या आणि माणसं अडकली. मी हे वाक्य त्या दिवसापासून मनात इतक्या वेळा म्हटलंय की आता त्याचा राग येत नाही, त्याच्याआड जी माणसं उभी राहिली त्यांचा येतो.

तू विचारशील, माणसांचा रिपोर्ट का आला नाही. तू विचारलं नाहीस, पण मी सांगते, कारण माझी गेली अडीच वर्षं त्यातच गेली. कोंबडीच्या रक्तात प्रतिपिंडं शोधायला साधी चाचणी चालते, मारून टाकलेला विषाणू वापरूनही होते. माणसाच्या रक्ताच्या बाबतीत ती चाचणी फसते, कधी असलेलं दाखवत नाही तर कधी नसलेलं दाखवते. खात्रीची चाचणी एकच होती. जिवंत बर्ड फ्लूचा विषाणू घ्यायचा, त्यात रोग्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग मिसळायचा आणि तो विषाणू पेशींना मारतो की गप्प बसतो ते बघायचं. आता असला जिवंत विषाणू कुठल्याही प्रयोगशाळेत हाताळता येतो का? एक नळी फुटली, एक हातमोजा फाटला तर करणाऱ्याच्या जिवाशी गाठ. त्याला दारामागं दारं असलेली, हवासुद्धा गाळून बाहेर सोडणारी बंदिस्त प्रयोगशाळा लागते. तशा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मी पुण्यात जिथं काम करते त्या आमच्या लॅबनं न्हावऱ्याच्या रक्ताचा अर्धा भाग तिकडे पाठवला आणि अर्धा स्वतःच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवला.

वर्ष झालं तरी उत्तर नाही. मग मला परराज्यातल्या अशाच एका बंदिस्त प्रयोगशाळेत प्रशिक्षणाला पाठवलं. आत शिरताना अंगावर इतके थर चढवायचे की स्वतःचा श्वास कानात ऐकू यायचा. भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. तिथं काम करणाऱ्यांच्या धैर्याबद्दल मला आजही आदर आहे. पण एक दिवस जेवणाच्या टेबलावर मी तिथल्या एका वरिष्ठांना विचारलं की पुणे जिल्ह्यातल्या पोल्ट्री कामगारांचे नमुने कधी लागतील. त्यांनी पोळीचा तुकडा तोडत विचारलं, "वे लोग जिंदा हैं ना? फिर जल्दी क्या है?" मी ताटावरून उठले. चिडून उलट बोलले असते तर दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट हातात दिलं असतं त्यांनी, आणि मला ते काम शिकायचं होतं.

जिवंत आहेत ना! भाग्यश्री, तुला सांगू, त्या जिवंत असण्याचं काय झालं होतं ते? आई वाण्याकडे मीठ आणायला गेली तर त्यानं पैसे हातात न घेता ते टाकायला सुपली पुढं केली. आईनं सुपली शेवटची बघितली होती ती तिच्या लहानपणी, तिच्या आईच्या पुढ्यात. आपल्या आयुष्यातून ती गेली असं तिला वाटत होतं. वाण्यानं जातीचं नाव काढलं नाही, काढायची गरजच उरली नव्हती. आता रोगाचं नाव होतं, आणि रोगाच्या नावाखाली सगळं करता येत होतं. बाळंतिणींची बोलावणी बंद झाली. पोल्ट्रीच्या कामाशिवाय अंगणवाडीत खिचडी शिजवणाऱ्या दगडाबाईला पातेल्याजवळ येऊ नको म्हणून सांगितलं. न्हावऱ्यात ताप कुणाला येत नाही? तुमच्या गल्लीतही आला होता त्याच आठवड्यात. त्यांच्यापुढं कुणी सुपली धरली नाही. आणि त्या उन्हाळ्यात तू माहेरी आलीस, राहून गेलीस. आमच्या वाड्याकडे वळली नाहीस. आई दोन दिवस अंगण सारवून वाट बघत होती. "लेकरू हाय तिच्याजवळ, भीती वाटनारच की तिला," असं तिनंच तुझ्या बाजूनं मला सांगितलं.

मी प्रशिक्षणाहून परत आले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन. जिवंत विषाणूशिवाय ही चाचणी झाली पाहिजे. परदेशातल्या काही प्रयोगशाळांनी वाट काढली होती. एक निरुपद्रवी विषाणू घ्यायचा, त्याची वाढायची ताकद काढून टाकायची आणि त्याच्या अंगावर बर्ड फ्लूचा फक्त वरचा काटेरी अंगरखा चढवायचा. दिसायला तो बर्ड फ्लू, आतून पोकळ. तो पेशीत एकदाच शिरू शकतो, तिथून पुढं वाढत नाही, कुणाला आजारी पाडत नाही. शिरला की पेशी चमकते, अशी खूण आत ठेवलेली असते. रक्तात प्रतिपिंडं असतील तर ती त्या अंगरख्याला धरून ठेवतात, विषाणू शिरत नाही, पेशी अंधारात राहते. झालं! दारामागं दारं नकोत, श्वास कोंडणारा पोशाख नको. साध्या काळजीनं, साध्या लॅबमध्ये होईल.

आमच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. "खोट्या विषाणूवर खरा निकाल कोण मानणार, करुणा?" म्हणाले. मी म्हटलं, "सर, खऱ्या विषाणूवरचा निकाल वर्षभर आलाच नाही, तो कोण मानणार?" ते चिडले, पण काम करू नको असं म्हणाले नाहीत. पहिले सहा-सात महिने काहीच जमलं नाही. पेशी मरायच्या, नाहीतर सगळ्याच चमकायच्या. माझी सहकारी शितल, दौंडची आहे, रोज सकाळच्या गाडीनं येते, ती नसती तर मी सोडून दिलं असतं. नंतर जमायला लागलं. मग आम्ही दुसऱ्या दोन संस्थांकडून सांकेतिक क्रमांक घातलेले नमुने मागवले. कुणाच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत आणि कुणाच्या नाहीत ते त्यांना माहीत, आम्हाला नाही. आम्ही निकाल कळवले. त्यांच्या जिवंत विषाणूवरच्या निकालांशी ते जुळले. दोनदा केलं, दोन्ही वेळा जुळले. त्या दिवशी सर स्वतः आमच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "आता न्हावऱ्याचे नमुने काढा."

त्या सातांपैकी एक माझी आई आहे हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. म्हणून ते नमुने शितलनं तपासले, मी त्या खोलीत गेलेही नाही. निकाल आले. आणि आता काय झालं असेल सांग? सर म्हणाले, आपल्या संशोधनाच्या पेपरमध्ये आकडे पुरेत. 'संपर्कात आलेले कामगार' अशी एक ओळ. कुणाचा निकाल काय हे त्या लोकांना कळवायची पद्धत नाही, उगाच गोंधळ होतो. मी मीटिंगमध्ये उभी राहिले. म्हटलं, "त्यांनी रक्त दिलंय सर, आकडे दिले नाहीत. गावानं त्यांना अडीच वर्षं वाळीत टाकलंय ते आपला निकाल आला नाही म्हणून. निकाल त्यांना मिळणार नसेल तर पेपरवर माझं नाव घालू नका." संशोधनाच्या नीतिनियमांची समिती बसली, त्यांनी माझ्या बाजूनं कौल दिला. ज्याचा निकाल त्याच्या हातात, बंद पाकिटात, दुसऱ्या कुणालाही नाही. मागच्या रविवारी सात पाकिटं घेऊन मी न्हावऱ्याला गेले. एसटीत बसल्या बसल्या मला वाटत होतं, आज हे संपलं. किती भोळी होते मी!

दगडाबाईनं पाकीट फोडलं आणि मला ओढत पारावर नेलं. "वाच पोरी, समद्यांना आयकू जाऊंदे," म्हणाली. तिचीच इच्छा, म्हणून मी वाचलं. रक्तात बर्ड फ्लूची प्रतिपिंडं आढळली नाहीत, म्हणजे तिला तो रोग झालाच नव्हता. मी दोनदा समजावून सांगितलं. पारावर तुझे आबाही होते. राग येत असेल तर येऊ दे, पण त्यांचे शब्द लिहिते. ते म्हणाले, "म्हंजी तवा न्हवतं. आता हाय का न्हाई, ते कुठं लिव्हलंय?" लोक हसले. एक जण म्हणाला, "मशीन बी खोटं बोलतंय की." दगडाबाई ज्या ताठ मानेनं आली होती ती मान मी खाली जाताना बघितली. इतकी वर्षं रिपोर्ट पाहिजे, रिपोर्ट पाहिजे म्हणणाऱ्यांना रिपोर्ट मिळाला, तर त्यांना दुसरा पाहिजे होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर दगडाबाईच म्हणाली, "चल गं, घरी चल."

आई आमच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिचं पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं ते फोडलं, मला वाचून दाखवायला सांगितलं, ऐकून घेतलं आणि घडी घालून पेटीत ठेवलं. मला म्हणाली, "करुणा, तुझ्या टेस्टनं तुमच्या पोरापोरींचा जीव वाचंल, त्या रोगाला हात न लावता काम व्हईल, ते मला लई आवडलं. पर ह्यो कागद मी कुनाला दावनार न्हाई. तुझ्या आज्जीपुढं सुपली धरली तवा तिनं दावला व्हता का कागद? कुठला दावनार व्हती?" मला रडू आलं. तिला आलं नाही.

आणि परवा, भाग्यश्री, तुझा फोन आला. किती मायेनं बोललीस. बाळ रात्रभर रडतं, वरवंडला कुणाला धड न्हाऊ घालता येत नाही, मावशीनं महिनाभर येऊन राहावं, गाडी पाठवते, माझा जीव तिच्यातच अडकलाय. मी "विचारते" म्हणणार एवढ्यात तू म्हणालीस, "फक्त मावशीला तेवढा रिपोर्ट बरोबर आणायला सांग गं. मला नको, आमच्या सासूबाईंचं आपलं समाधान. नुसता एक कागद." त्या एका कागदासाठी हे पत्र लिहितेय. ज्या रक्तात प्रतिपिंडं सापडतात त्या माणसाला रोग कधीतरी झाला आणि तो त्याच्याशी लढून बाहेर पडला, एवढाच त्याचा अर्थ. नाही सापडली तर झालाच नाही. दोन्हीतलं काहीही असो, अडीच वर्षांपूर्वीच्या तापाचा तुझ्या बाळाला आज धोका नाही, हे तुझ्या सासूबाईंना कळणार नाही असं मी समजू शकते, बी.एस्सी.ला माझ्या शेजारी बसलेल्या तुला कळू नये? दगडाबाईचा निकाल मी लिहिला, कारण तो तिनंच गावाला सांगितला. आईचा निकाल या पत्रात कुठेही लिहिलेला नाही, आणि तो मी लिहिणार नाही. तुझा निरोप मी आईला जसाच्या तसा सांगितला. ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत पाठवते: "भाग्यश्रीला सांग, मी वरवंडला येत न्हाई. तिलाच म्हनावं पोरीला घेऊन हिकडं ये. माझ्या घरी ये, आबांच्या न्हाई. पानी तापवून ठिवते, तेल बी काढून ठिवते. पर रिपोट इचारायचा आसंल तर गाडीतनं उतरू नको."

मी पुढच्या रविवारी न्हावऱ्याला आहे.

तुझीच,
करुणा